कोटा आहे, पण उंबऱ्याचं काय? दिव्यांगांसाठी सरकारी घराचा अर्ज, कोल्हापुरातून

घरात चाकाची खुर्ची वापरणारं, कुबड्यांवर चालणारं किंवा जिना न झेपणारं माणूस असेल आणि सरकारी योजनेतून सोयीचं घर हवं असेल, तर कोल्हापुरातून तीन दारं ठोठावता येतात : म्हाडाची सोडत, प्रधानमंत्री आवास योजना आणि स्थानिक संस्थेचा दिव्यांग निधी. तिन्ही सेवा वापरायला कशा आहेत, कुठे गाडं अडतं आणि का अडतं, ते इथे मांडतो आहोत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. गुंठाभर का होईना, स्वतःच्या नावावर जागा असेल तर आवास योजनेतून स्वतः बांधणं हा सगळ्यात चांगला मार्ग. जागा नसेल तर म्हाडा, पण हातात मोजपट्टी घेऊन. आणि दिव्यांग निधी हा नवं घर मिळवण्यापेक्षा आहे ते घर दुरुस्त करून घेण्यासाठी.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढायला हवा. इंग्लंडमध्ये १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे घर बदलण्याची गरज असलेल्यांना कौन्सिलच्या घरांच्या वाटपात प्राधान्य द्यावं लागतं. 'या घरात मला राहता येत नाही, दुसरं द्या' असा अर्ज तिथे करता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही. इथे गरज किती आहे यावर रांग लागत नाही. प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवर कोट्यात शिरता येतं आणि कोट्यात चिठ्ठी निघते. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यात माडीवर अडकून पडलेला माणूस आणि तळमजल्यावर बऱ्यापैकी सोयीत राहणारा माणूस, दोघांचं प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं असेल तर सोडतीच्या दृष्टीने दोघं सारखेच. या सेवेतली ही आम्हाला सगळ्यात मोठी वाटणारी उणीव आहे.

आधी यूडीआयडी

सगळ्याचं मूळ यूडीआयडी कार्डात, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत आणि घराच्या कोट्यासाठी किमान ४० टक्के लागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि आतापर्यंतच्या उपचारांचे कागद तयार ठेवावेत. शहर आणि करवीर तालुक्यातली बरीच माणसं तपासणीसाठी सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात जातात. हाडांचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, कानाचे वेगळे, मनोविकारांचे वेगळे. म्हणून आपल्या प्रकाराची तपासणी कोणत्या वारी असते हे घरातल्या धडधाकट माणसाने आधी विचारून यावं आणि मगच पेशंटला न्यावं. खुर्चीवरच्या माणसाची एक फुकट फेरी म्हणजे रिक्षाचं भाडं, दोन माणसांचा दिवस आणि त्याचा स्वतःचा जीव मेटाकुटीला येणं.

कार्ड आलं की त्याचा रंग बघा. पांढरा म्हणजे ४० टक्क्यांच्या आत, पिवळा म्हणजे ४० ते ७९, निळा म्हणजे ८० आणि त्यावर. पांढऱ्या कार्डाचा घराच्या कोट्यात उपयोग होत नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या हातून निसटते. एकाच माणसाला दोन प्रकारची अपंगत्वं असतील तर दोन्हींची तपासणी मागून घ्या, कारण एकत्रित टक्केवारी काढायचं सूत्र ठरलेलं आहे. ती साधी बेरीज नसते. मोठा आकडा तसाच ठेवायचा. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. पायाचे ३० आणि नजरेचे २० टक्के असतील तर ६० गुणिले २० भागिले ९०, म्हणजे १३.३. एकूण ४३. नुसता पाय दाखवला असता तर हा माणूस कोट्याबाहेर राहिला असता. टक्केवारी मान्य नसेल तर कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येतं.

चुका साधारण दोन ठिकाणी होतात. पहिली, प्रमाणपत्र तात्पुरतं असतं आणि सोडत निघेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते, म्हणून मुदतीची तारीख आधी बघा. दुसरी नावाची. आधारवर आडनाव आधी, पॅनवर आडनाव शेवटी, कार्डावर वडिलांचं नावच नाही, लग्नानंतर बदललेलं नाव एकाच ठिकाणी दुरुस्त केलेलं. कागदांची पडताळणी संगणक करतो आणि त्याला 'ही तीच बाई' हे कळत नाही. आधी आधार सरळ करा, मग पॅन, मग यूडीआयडी, याच क्रमाने. उलट क्रमाने गेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर सहीचा प्रश्न येतो. आईवडील आहेत म्हणजे ते आपोआप कायदेशीर पालक ठरतात असं नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुलाच्या नावाने अर्ज करायचा असेल तर सोडतीची जाहिरात येण्याची वाट बघू नका, हे काम आधी उरकून ठेवा.

म्हाडाची सोडत

कोल्हापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळात येतो. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे या मंडळाकडे आहेत. २०२३ च्या जानेवारीपासून नोंदणी पूर्ण ऑनलाइन झाली आणि हा बदल दिव्यांग अर्जदारासाठी खरोखर मोलाचा आहे. नोंदणी एकदाच करायची, कागद एकदाच चढवायचे, पडताळणी सोडतीच्या आधी. पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. या भागाला आम्ही मनापासून चांगलं म्हणतो.

कागदांत आधार, पॅन, बारकोड असलेला अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र आणि यूडीआयडी लागतं. अधिवास दाखला गेल्या पाच वर्षांतला हवा. कपाटात जपून ठेवलेला, हाताने लिहिलेला जुना दाखला चालत नाही. दोन्ही दाखल्यांसाठी सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज होतो. पंधरा-वीस दिवस हाताशी ठेवा. उत्पन्न नवरा-बायको दोघांचं मिळून धरतात. कोल्हापूरसारख्या महानगर प्रदेशांबाहेरच्या भागात अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख आहे. बँक खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर असलेलं बरं, कारण चिठ्ठी लागली नाही तर अनामत त्याच खात्यात परत येते. अर्जाचं शुल्क मात्र परत मिळत नाही.

आता कोट्याकडे वळू. दिव्यांग हक्क कायद्याच्या ३७ व्या कलमात सरकारी गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यातही दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. कागदावर हे भक्कम आहे. पण वीस घरांच्या योजनेत पाच टक्के म्हणजे एक घर, दहा घरांच्या योजनेत अर्धं. अर्धं घर कुणाला देता येत नाही. म्हणून जाहिरातीसोबतच्या माहितीपुस्तिकेतलं कोष्टक आधी उघडा. प्रत्येक योजनेच्या संकेत क्रमांकापुढे कोणत्या प्रवर्गाला किती घरं ते छापलेलं असतं. दिव्यांगांच्या रकान्यात शून्य असेल तर तिथे या प्रवर्गातून अनामत अडकवण्यात अर्थ नाही.

कोल्हापुरात घरं मुळातच कमी निघतात, त्याला कारण आहे. पुण्यात खासगी बिल्डरांच्या मोठ्या प्रकल्पांतली वीस टक्के घरं सोडतीत येतात. तो नियम दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती. त्यामुळे पुण्याच्या सोडतीचे हजारोंचे आकडे वाचून कोल्हापूरकराने हुरळून जाऊ नये.

सोडतीत योजना आपण निवडतो, सदनिका संगणक देतो. गुडघे गेलेल्या माणसाला चौथा मजला लागू शकतो. घर लागल्याचं पत्र आलं की पैसे भरायच्या मुदतीचं घड्याळ सुरू होतं. ती मुदत टळली तर घर प्रतीक्षा यादीतल्या माणसाकडे जातं. खालच्या मजल्याची मागणी करायची असेल ती पहिला हप्ता भरायच्या आधी, लेखी आणि पोच घेऊन. घर घेतल्यावर पाच वर्षं विकता येत नाही, म्हणजे चुकीचं घर स्वीकारलं तर पाच वर्षं त्यातच.

मोजपट्टी घेऊन घर बघायचं म्हणजे काय

यातली निम्मी निराशा टाळता येते, फक्त मापं पाठ हवीत. साधी चाकाची खुर्ची बाहेरून बाहेर २५ ते २७ इंच रुंद असते. दाराची मोकळी जागा तीन फूट हवी. खोल्यांची दारं बहुतेक ठिकाणी निभावून जातात, मार खातं ते न्हाणीघर. तिथली चौकट अडीच फुटांची असते आणि पल्ला उघडल्यावर मोकळी जागा सव्वादोन फूट, म्हणजे २७ इंच उरते. खुर्ची कशीबशी आत जाईल, पण चाक ढकलणाऱ्याची बोटं दोन्ही बाजूंना चौकटीवर सोलून निघतील. म्हणून पट्टी चौकटीच्या बाहेरून बाहेर लावू नका. दार पूर्ण उघडा आणि पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. दार आत उघडणारं असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या. आत कुणी पडलं तर आतलं दार त्याच्याच अंगामुळे उघडत नाही.

मग उंबरा. चाकाला अर्ध्या इंचाच्या वरचा उंबरा नको. न्हाणीघराच्या तोंडाशी पाणी अडवायला लावलेली कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी दोन इंचांची असते, आणि आत पुन्हा फरशी खाली. ही पट्टी नुसती उखडून काढू नये. आतल्या फरशीचा उतार जाळीकडे नव्याने काढला नाही तर अंघोळीचं पाणी पलंगाखाली येतं. गवंड्याला आधी उताराचं काम सांगा, पट्टी शेवटी काढायला लावा.

खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. छोट्या सदनिकेत संडास आणि न्हाणीघर वेगवेगळं दिलेलं असेल तर दोन्हीपैकी एकातही ते बसत नाही. मधली चार इंची भिंत काढली की जागा होते. कॉलम-बीमच्या इमारतीत ही भिंत सहसा भार घेत नाही. तरी इंजिनिअरला दाखवा आणि लेखी परवानगी घेतल्याशिवाय हातोडा लावू नका. कमोडची उंची १८ ते १९ इंच हवी, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या बरोबरीने माणूस सरकू शकतो. आधाराच्या दांड्या बसवताना भिंत कशाची आहे ते विचारा. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही. उठताना सगळा भार दांडीवर येतो आणि दांडी प्लगासकट हातात येते. अशा भिंतीत आरपार बोल्ट आणि मागच्या बाजूला लोखंडी पट्टी लावतात.

लिफ्ट आहे म्हणून वरचा मजला घेऊ नका, आतली पाटी वाचा. 'सहा व्यक्ती, ४०८ किलो' असं असेल तर प्रमाणित मापाने आतली खोली एक मीटर, म्हणजे साडेएकोणचाळीस इंचांच्या आत, आणि दार ७०० मिलिमीटर. पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट खुर्ची साधारण ४२ इंच लांब असते. ती आत गेली तरी दार मिटत नाही. आठ व्यक्तींची लिफ्ट ११०० मिलिमीटर खोल असते, तिच्यात खुर्ची जेमतेम मावते. तेरा व्यक्तींच्या लिफ्टचं दार ९०० मिलिमीटर असतं, ती निर्धास्त. आणि वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का, हे विचारल्याशिवाय परतू नका.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे : एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं दोन फूट असेल तर २४ फूट. मोटारसायकल वर घ्यायला केलेला सिमेंटचा उतार म्हणजे रॅम्प नव्हे, त्यावर मागून ढकलणाऱ्याचाही पाय घसरतो.

तळमजला आणि पंचगंगा

सगळीकडे सांगतात, तळमजला मागा. कोल्हापुरात त्यापुढे एक प्रश्न विचारायचा : २०१९ आणि २०२१ ला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं. सुतारवाडा, जामदार क्लब, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर या भागांत तळमजले पाण्यात होते. धडधाकट माणूस ट्रंक डोक्यावर घेऊन माडीवर जातो, खुर्चीवरच्या माणसाला उचलायला चार माणसं लागतात आणि बॅटरीची खुर्ची भिजली की गेली. वरचा मजला घेतला तरी पुरात वीज तोडतात आणि लिफ्ट बंद पडते. त्यामुळे पूररेषेबाहेरचा तळमजला ही पहिली पसंती, पूररेषेच्या आतलं घर कितीही सोयीचं दिसलं तरी शेवटची. निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर बघता येतं. शेजारपाजाऱ्यांना विचारलंत तर भिंतीवरची पाण्याची खूणही दाखवतील.

आवास योजना आणि दिव्यांग निधी

प्रधानमंत्री आवास योजना शहरीचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. अत्यल्प गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला तीन लाख. कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको आणि गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या सरकारी घरयोजनेचा लाभ घेतलेला नको. म्हाडाची अट एवढी कडक नाही, तिथे त्या शहराच्या हद्दीत अर्जदार, जोडीदार किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नसलं की भागतं. म्हणून वडिलोपार्जित घराच्या मिळकत पत्रिकेवर वारस म्हणून नाव लागलेलं असेल तर आवास योजनेचा अर्ज भरण्याआधी त्या नोंदीचा उतारा काढून महापालिकेत विचारून घ्या. नंतर ऐन हप्त्याच्या वेळी अडकण्यापेक्षा ते बरं.

या योजनेत दिव्यांगांना प्राधान्य आहे. पण आम्ही तिच्या बाजूने आहोत ते वेगळ्या कारणाने. स्वतःच्या जागेवर बांधायच्या प्रकारात घराचा नकाशा तुमचा असतो. तीस ते पंचेचाळीस चौरस मीटर चटई क्षेत्र मिळतं. तीस म्हणजे ३२३ चौरस फूट. तेवढ्यात दोन मोठ्या खोल्या आणि साडेसात फूट बाय साडेसहा फुटांचं एकत्र न्हाणीघर बसतं, दारं तीन फुटांची ठेवता येतात आणि उंबरा घालायचाच नाही हे पहिल्या दिवशी ठरवता येतं. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळून अडीच लाख मिळतात. त्यात घर पूर्ण होत नाही, पदरचे घालावे लागतात, हे गृहीत धरा. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर आणि जागेवरच्या फोटोवर सुटतात. रॅम्प शेवटी करू म्हणून ठेवला तर तोवर पैसे संपलेले असतात. रॅम्पची माती आणि जोत्याचा भराव एकाच वेळी टाकून घ्या.

गावाकडे ग्रामीण आवास योजनेत २५ चौरस मीटरचं घर आणि एक लाख वीस हजारांचं अनुदान आहे. शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार वेगळे. त्या बारा हजारांत बसकं भांडं न घेता कमोड बसवायचा आग्रह धरा.

महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. कमोड, रॅम्प, दांड्या यांसाठी इथे अर्ज करा, सोबत गवंड्याचं अंदाजपत्रक जोडा. 'मदत मिळावी' एवढ्यावर थांबलेला अर्ज पडून राहतो. 'रॅम्प, लांबी २४ फूट, रुंदी ४ फूट' लिहिलेल्या अर्जावर काहीतरी शेरा मारावाच लागतो.

आजारी माणसाचं काय? इथे आम्हाला स्पष्ट लिहावं लागतं. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे कायद्याच्या यादीत आहेत. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेला, हृदयाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण त्या यादीत नाही. आठवड्यातून तीनदा तीन मजले चढउतार करणाऱ्याला घराच्या कोट्यात जागा नसणं हे चूक आहे. त्यातल्या त्यात वाट एकच : आजारामुळे हातपाय, नजर किंवा ऐकू येणं यावर कायमचा परिणाम झाला असेल, जसं मधुमेहात पाय काढावा लागणं किंवा नजर जाणं, तर त्या परिणामाचं प्रमाणपत्र मिळतं. तपासणीला जाताना नुसत्या आजाराची फाईल नेऊ नका, त्या परिणामाचे कागद वर ठेवा.

अडलं तर

दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात तीन गोष्टी मागा : या योजनेत दिव्यांगांना किती घरं राखीव होती, ती कोणत्या मजल्यावर दिली, आणि तळमजल्यावरची घरं कुणाला गेली. या उत्तरांशिवाय तक्रार लंगडी पडते. त्यानंतर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

आणि मजला बदलून मागणाऱ्या अर्जात 'मी दिव्यांग असून खालचा मजला मिळावा' एवढ्यावर थांबू नका. असं लिहा : 'खुर्चीची लांबी ४२ इंच, लिफ्टची आतली खोली ३९ इंच, त्यामुळे दार बंद होत नाही. जिना ६४ पायऱ्यांचा आहे. २०१६ च्या कायद्यातल्या वाजवी सोयीच्या तरतुदीनुसार त्याच योजनेतली तळमजल्याची शिल्लक सदनिका मिळावी.' सोबत खुर्ची लिफ्टमध्ये अडकलेला फोटो आणि यूडीआयडीची प्रत जोडा. दोन प्रती काढा आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.